बर्फावरचा सडा आणि बायकांचा आरडाओरडा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या वाड्यात माझी आजी एक वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायची, "बाईचा आवाज ओसरीबाहेर जाता कामा नये." माझा जायचा. ओसरी ओलांडून, गल्ली ओलांडून पार पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. लग्न होऊन सुदामानगरला आले, बँकेत एकतीस वर्षं काढली. तिथेही मी काउंटरवरून टोकन पुकारलं की मॅनेजरसाहेब केबिनमधून मान बाहेर काढायचे. साठ वर्षांत मला सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट शिकवली, हळू बोल.

म्हणून कॅनडातल्या कॅलगरीच्या त्या बर्फाच्या स्टेडियममध्ये एक बाई बेंबीच्या देठापासून ओरडली, तेव्हा मी आधी इकडेतिकडे पाहिलं. आता हिला कोण गप्प करतंय? कोणीच केलं नाही. उलट लोक पुढे सरकून बसले.

झालं असं, की लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले होते. जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली, बाहेर उणे तीसच्याही खाली. त्याच आठवड्यात इंदूरला स्वच्छतेत सलग सातव्यांदा पहिला नंबर मिळाला (या खेपेला सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, ते सोडा). पुढचा महिनाभर मी, बाळंतिणीची खोली आणि डिंकाचे लाडू. फेब्रुवारीत एके संध्याकाळी जावई म्हणाले, "आई, गावात कर्लिंगची मोठी स्पर्धा आहे. बायकांची. पूर्ण कॅनडातून टीम येतात. तुमचं तिकीट काढलंय."

जावई ग्वाल्हेरचे, स्वभावानं गरीब, पण एकदा मनात आलं की ऐकत नाहीत. "त्यात करतात काय?" असं विचारलं, तर म्हणाले, "एक जण दगड सरकवते आणि दोघी त्याच्यापुढे झाडू मारतात."

मी म्हटलं, "इंदूरच्या बाईला झाडलोट बघायला तिकीट काढून नेताय?"

स्पर्धेचं नाव 'स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्स'. मी समजले, काही तरी प्रेमाबिमाचं असेल. तर स्कॉटीज हा तिकडचा नाक पुसायच्या कागदाचा ब्रँड. देशातली सगळ्यात मानाची बायकांची स्पर्धा, आणि नाव रुमालाचं! १९८२ पासून तीच कंपनी पाठीशी आहे म्हणे, त्यामुळे आता कुणाला हसू येत नाही. मला आलं.

१९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या पार्कमध्ये हे स्टेडियम आहे, विनस्पोर्टचं. आपल्या होळकर स्टेडियमच्या मानानं अगदीच लहान. आत शिरल्यावर दिसल्या बर्फाच्या चार लांबच लांब पट्ट्या, शेजारी शेजारी. एकेक पंचेचाळीस मीटरची. दोन्ही टोकांना गोलात गोल काढलेले, मध्ये टिकली. मी जावयांना म्हटलं, "ही तर रांगोळी." तेवढ्यात एक माणूस पाठीला टाकी बांधून, हातात झारीसारखी नळी घेऊन, उलट्या पावली चालत बर्फावर पाणी शिंपडायला लागला. हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत. आता मात्र मी खुर्चीतून उठलेच. आमच्या आजीचा सकाळचा हात अगदी असाच चालायचा.

सडा, रांगोळी आणि मग झाडू. क्रम तेवढा चुकला होता त्यांचा.

त्या सड्यानं काय होतं, ते शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे, सस्कॅचेवान प्रांतातून मुद्दाम आल्या होत्या, हातात विणकाम. जावई मला बसवून ऑफिसला गेले होते. पाण्याचे थेंब गोठून बर्फावर बारीक पुरळासारखे उंचवटे होतात. दगडाचं बूड सपाट नसतं, आतून खोलगट असतं, पालथ्या वाटीसारखं. तेवढी अरुंद कड त्या उंचवट्यांवरून घसरत जाते. सपाट बर्फावर तो दगड जागच्या जागी रुतून बसेल. दगड म्हणजे साधासुधा नाही. ग्रॅनाइटचा, अठरा-एकोणीस किलोचा, स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरचा. आमच्याकडे गॅसचं सिलिंडर भरलेलं असतं त्यातला गॅस चौदा किलो. त्याहून जड वस्तू एखादी पोरगी गुडघ्यावर बसून, अंग लांब करून, हलकेच सोडून देते, आणि ती चाळीस मीटर पलीकडे जाऊन टिकलीवर बसावी अशी अपेक्षा.

सोडताना मुठीला थोडा पीळ देतात. त्यामुळे दगड जाता जाता वळतो, म्हणून कर्लिंग. आणि पुढे दोघी जणी झाडतात ते बर्फ किंचित गरम व्हावा म्हणून. घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे एकदा हातातून सुटलेल्या दगडाला पुढे हात न लावता हाकायचा. झाडू म्हणतात, पण तो ब्रश असतो, फरशी पुसायच्या दांड्यासारखा. आणि मारतात कशा! अंगाचा सगळा भार त्या दांड्यावर, पाय मागे घसरताहेत, चेहरा लाल. मला आमच्या कामवाल्या ताई आठवल्या. "मॅडम, कोपरे उद्या करते" म्हणणाऱ्या.

ओरडणं कशासाठी, ते कळायला मला अर्धा तास लागला. पलीकडच्या टोकाला, रांगोळीत, कप्तान उभी असते. तिला स्किप म्हणतात. दगड वळतोय का सरळ येतोय, ते तिलाच समोरून दिसतं. म्हणून झाडायचं कधी आणि थांबायचं कधी, ते ती ओरडून सांगते. "हर्री! हर्री हार्ड!" म्हणजे झाडा, जिवाच्या आकांतानं झाडा. "व्होSS" म्हणजे पुरे. झाडणाऱ्या धावता धावता उलट ओरडून सांगतात, दगडाला वेग किती आहे ते. दगड सोडणारीही मागून ओरडत असते. आणि असे चार सामने एकाच वेळी, चार पट्ट्यांवर. बत्तीस बायका बर्फावर आहेत, त्यातल्या निम्म्या तरी कुठल्याही क्षणी ओरडताहेत. प्रेक्षक मात्र गप्प! आमच्याकडे नेमकं उलटं असतं.

पहिल्या दिवशी मला धड एकही सामना बघता आला नाही. एकीकडे बघावं तर दुसरीकडे टाळ्या. विणकामवाल्या बाई म्हणाल्या, एक पट्टी धरून बस, बाकीच्या कानानं बघ. हे फार कामाचं निघालं. नंतर नंतर मला मान न वळवता कळायचं, तिसऱ्या पट्टीवरची आरोळी घाबरलेली आहे आणि पहिलीवरची खुशीतली.

गुणांचं गणित मात्र बँकेतल्या माणसाला पटकन कळतं. दोन्ही टीमचे आठ-आठ दगड झाले की एक डाव, त्याला एंड म्हणतात. टिकलीच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच गुण. दुसऱ्यांचा सगळ्यात जवळचा दगड जिथे, त्याच्या आत यांचे जितके, तितके गुण. लहानपणी गोट्या खेळताना गलीजवळ कुणाची गोटी ते मोजायचो, तसंच. असे दहा एंड. शेवटचा दगड टाकायचा मान ज्याला त्याच्याकडे 'हॅमर', आणि तोच खरा दागिना. कारण गुण घेतला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो.

एकदा एका स्किपनं, समोर रांगोळी मोकळी असताना, शेवटचा दगड सरळ आरपार घालवून दिला. मी चक्क मराठीत म्हणाले, "अगं बाई, हातचा गुण घालवला!" शेजारच्या बाईंना भाषा कळली नाही, सूर कळला. त्या म्हणाल्या, मुद्दाम. एकच गुण मिळत होता. तो घेतला असता तर हॅमर गेला असता. कोणालाच गुण नाही, तर हॅमर तिच्याकडेच राहतो. पुढच्या एंडला दोन काढेल. मला लगेच उमगलं. एफडी मोडली नाही, रिन्यू केली. त्यानंतर मी त्या स्किपची भक्तच झाले. नाव विचारायचं राहून गेलं.

पाच एंडनंतर मध्यंतर. मी कोटाच्या खिशातून डिंकाचा लाडू काढला, अर्धा त्यांना दिला. त्यांनी विचारलं, यात काय आहे? खारीक, खोबरं, गूळ, तूप सांगून झालं. डिंकापाशी अडले. शेवटी म्हटलं, झाडाचा गोंद. त्यांनी एक क्षण लाडवाकडे पाहिलं, आणि खाल्ला. नंतर म्हणाल्या, बाळंतिणीलाच का? मला द्या की.

त्यांनीच मग सँड्रा श्मर्लरची गोष्ट सांगितली. त्यांच्या सस्कॅचेवानची. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कर्लिंगचं सुवर्ण तिच्या टीमनं मिळवलं, आणि दोन वर्षांत, मार्च २००० मध्ये, कर्करोगानं गेली. वय छत्तीस, घरात दोन लहान मुली. तिच्या नावाची संस्था अपुऱ्या दिवसांच्या, आजारी तान्ह्या बाळांसाठी दवाखान्यांना यंत्रं घेऊन देते, आणि दर वर्षी या स्पर्धेच्या दिवसांत त्यासाठी पैसे गोळा करतात. सांगताना बाईंच्या सुया थांबल्या होत्या. माझी नात काविळीसाठी दोन दिवस निळ्या दिव्याखाली होती. घरी येऊन लेकीला म्हटलं, काय असतील ते माझ्या नावानं पाठव. तिनं विचारलं, कर्लिंग बघायला गेली होतीस ना?

त्यानंतर मी आणखी दोनदा गेले. तिकिटाचे पैसे रुपयात मोजायचे नाहीत, असं जावयांनी बजावलं होतं. मी मोजले. तरी गेले.

हळूहळू इतरही गोष्टी दिसायला लागल्या. टीमच्या पाठीवर प्रांताचं नाव. एकूण अठरा टीम. चुकून झाडू दगडाला लागला, तर जिचा लागला तीच हात वर करून सांगते. पंचानं बघायची वाट बघत नाही. (पलासियाच्या चौकात लाल दिवा मीच तोडला, असं कुणी आपणहून सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) आता जमणार नाही असं दिसलं, की दहा एंड पूर्ण व्हायच्या आत हरणारी टीम स्वतःच हात पुढे करते. आणि प्रेक्षक चांगल्या दगडाला टाळी देतात, कुणाचा का असेना. चुकलेल्या दगडाला कोणी टाळी देत नाही. २०२३ च्या जानेवारीत आम्ही दोघं होळकर स्टेडियमला न्यूझीलंडची मॅच बघायला गेलो होतो. रोहित आणि गिल, दोघांची शतकं. आमचा स्टँड नाचत होता. मग त्यांच्या कॉनवेनं १३८ केल्या, तेव्हा मीसुद्धा हात मांडीवर ठेवून बसले होते. ते आठवून थोडं ओशाळल्यासारखं झालं. थोडंच. आपली मॅच ती आपली मॅच.

फायनलला, २५ फेब्रुवारीला, लेक माझ्याबरोबर आली. सव्वा महिना नुकताच झाला होता. नात जावयांच्या स्वाधीन. गाडीत बसल्यावर लेक दहा मिनिटं नुसती बाहेर बघत होती, मग म्हणाली, "आई, होमन कोण माहितेय ना तुला?"

रेचल होमन, ओटावाच्या क्लबची, ओंटारिओची स्किप. त्या स्पर्धेत तोवर एकही सामना हरली नव्हती. पण लेकीला सांगायचं होतं ते वेगळंच. २०२१ मध्ये कोरोनामुळे हीच स्पर्धा इथेच, कॅलगरीतच, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली होती. तेव्हा होमन आठ महिन्यांची गरोदर होती. तशी वाकून, बर्फावर घसरत तिनं दगड सोडले आणि फायनलपर्यंत गेली. लेक म्हणाली, "मला आठव्या महिन्यात मोजे घालता येत नव्हते."

समोर जेनिफर जोन्स, मॅनिटोबाची. एकोणपन्नास वर्षांची. सहा वेळा ही स्पर्धा जिंकलेली, २०१४ च्या सोची ऑलिंपिकचं सुवर्ण, तेही एकही सामना न हरता. आणि तिनं जाहीर केलं होतं, की चौघींच्या टीमबरोबरचा हा तिचा शेवटचा हंगाम. टीममधल्या बाकीच्या मुली तिच्यापुढे अगदी पोरी. विणकामवाल्या बाईंची जागा दुसरीकडे होती, पण त्यांनी लांबून हात केला. गळ्यात तो विणून झालेला स्कार्फ.

फायनलला एकच पट्टी चालू असते. तेव्हा मला पहिल्यांदा दगड ऐकू आला. म्हणजे आधीही येत असणार, पण चार सामन्यांच्या गोंधळात हरवत असणार. बर्फाच्या त्या पुरळावरून दगड येतो तो घरघरत येतो. जात्यासारखा. या खेळाला जुन्या काळापासून 'गर्जणारा खेळ' म्हणतात, असं लेकीनं फोनवर वाचून सांगितलं. दगड सुटला की सगळे चिडीचूप, खालून ती घरघर, ब्रशांची खसाखस, आणि त्यावर एक बाईचा आवाज, "हार्ड! हाSSर्ड!" होमनचा आवाज पातळ, धारदार. जोन्सचा जाड, छातीतून येणारा. दोघींचाही शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. लेक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तू मला शाळेच्या बससाठी हाक मारायचीस ना, तस्सा."

मी कोणाच्या बाजूनं होते? सुरुवातीला होमनच्या, आठव्या महिन्यामुळे. मग जोन्सच्या, वयामुळे. मग प्रत्येक दगडाला पक्ष बदलत गेले. गुण एकेक, दोनदोन. कोणी सुटत नव्हतं. शेवटच्या एंडला मी डोळे मिटले. हे आमच्या घरचं लक्षण आहे. आमचे हे शेवटच्या ओव्हरला टीव्हीसमोरून उठून अंगणात कुंड्यांना पाणी घालायला जातात. मी मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिले. घरघर, खसाखस, आरोळी, मग दगडावर दगड. परत घरघर. शेवटची आरोळी फार लांबली. मग लोक उठले, आणि टाळ्या इतक्या वेळ चालल्या, की जिंकलं कोण हे त्यावरून कळेना. डोळे उघडले तर सगळे उभे. दोघींसाठीही वाजत होत्या. ५-४, होमन.

लेक रडत होती. मी विचारलं, "कोणासाठी गं?" ती म्हणाली, "माहीत नाही. दूध भरलंय. घरी चल."

इंदुरात तेव्हा सोमवारची सकाळ. यांना फोन लावला. पोहे खात होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपण कोण होतो यात?"

एप्रिलमध्ये परत आले. चैत्रगौरीचं हळदीकुंकू भावाकडे, रामबागेतच, त्याच वाड्यात. आंब्याची डाळ, पन्हं, हरभरे, ओटी सगळं झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, ते झाडूचं काय म्हणत होतात?" आता तोंडानं सांगून काय कळणार? म्हटलं, ओसरी पुसून काढा. फरशी जुनी, पाय घासून घासून गुळगुळीत झालेली. ओल राहू दिली. खडूनं एका टोकाला गोलात गोल काढले. दगड म्हणून डाळीच्या जड वाट्या, पालथ्या. ब्रश म्हणून फरशी पुसायचे दोन दांडे, एक आमच्याकडचा आणि एक शेजारच्या काकूंचा. स्किप मी.

पहिली वाटी वहिनीनं सोडली. मी म्हटलं होतं उजवीकडे पीळ द्या, म्हणजे उजवीकडे वळेल. ती डावीकडे वळली आणि तुळशीच्या वृंदावनापाशी गेली. दुसरी, तेच. बायका म्हणाल्या, "तुम्ही नीट बघितलंत ना तिकडे?" माझी लाज जायची वेळ. जावयांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे पहाट, कडेवर नात. ते म्हणाले, "बरोबर आहे, आई. टेबलावर पालथा पेला फिरवत सरकवला तर तो उलटाच वळतो. बर्फावरचा दगड मात्र पिळाच्या दिशेनं वळतो. का वळतो, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत."

"मग आम्ही काय करू?"

"तुम्ही पीळ उलटा द्या. आणि ओरडा."

पीळ उलटा दिला. मावशी, वय ब्याऐंशी, आजीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, आयुष्यभर पदर तोंडाशी धरून बोललेली, तिनं वाटी सोडली. वाटी निघाली. वहिनी आणि शेजारच्या काकू दांडे घेऊन पुढे. मी टोकाला उभी राहून पहिली "हर्री" ठोकली. जरा भीतभीतच. दुसरीला वाड्यातल्या तेरा-चौदा जणी सामील झाल्या. मावशीचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "हार्ड! अगं मेल्यांनो, हाSSर्ड!"

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि पिठानं पांढरा झालेला, धावत, पायरीशी येऊन उभा राहिला. "क्या हो गया, भाभी?"

कोणी उत्तर दिलं नाही. वाटी अजून थांबली नव्हती.